गावगाडा आणि आगगाडी

आजचा विषय ऐकायला छोटा आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात, आणि जिथून जिथून रूळ गेले तिथे सगळीकडे, एका जातीच्या वस्त्या आहेत. त्यांना आपण नीट नावही दिलेलं नाही. ‘स्टेशन’ म्हणतो आणि मोकळे होतो. होटगी वेगळं आणि होटगी स्टेशन वेगळं, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. रिक्षावाला विचारतोच, ‘गावात की स्टेशनला?’ या ‘की’मध्ये जे अंतर आहे त्याबद्दल मला आज बोलायचंय. त्यासाठी एक जुनं पुस्तक टीकेला घ्यायचंय, त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’, १९१५ सालचं. आपल्या डोक्यातली ‘गाव’ ही कल्पना कुठून आली ते बघायचं तर या पुस्तकाइतकं प्रामाणिक साधन मराठीत दुसरं नाही, असं माझं मत आहे. ते स्टेशनच्या वस्तीपाशी नेऊन ठेवलं की काय होतं, एवढाच आजचा प्रयोग.

आधी नावांकडे बघू. सोलापूरहून वाडीकडे निघालात की अक्कलकोट रोड लागतं, पुढे गाणगापूर रोड लागतं. अक्कलकोट रोड स्टेशनवर उतरून तुम्ही अक्कलकोटात पोचत नाही, अजून दहा-अकरा किलोमीटर राहतात. गाणगापूर रोडपासून दत्ताचं गाणगापूर वीसेक किलोमीटर. कुर्डुवाडीचं जुनं स्टेशनचं नाव ‘बार्शी रोड’, आणि बार्शी तिथून सुमारे ३५ किलोमीटर! म्हणजे ‘रोड’ या शब्दाचा अर्थ सरळ असा की हे ते गाव नव्हे. इथे उतरा, तुमचं गाव अजून पुढे आहे.

तर्कशास्त्र शिकवताना मी मिलचं एक उदाहरण देत असे. जॉन स्टुअर्ट मिल १८४३च्या आपल्या ग्रंथात म्हणतो की विशेषनामाला अर्थ नसतो, ते फक्त बोट दाखवतं. डार्टमथ हे गाव डार्ट नदीच्या मुखाशी आहे म्हणून त्याचं नाव डार्टमथ. उद्या नदीनं वाट बदलली तरी नाव तेच राहील, नाव खोटं ठरणार नाही. आता मिलला अक्कलकोट रोडला उतरवला असता तर तो चक्रावला असता. हे नाव बोट दाखवतं खरं, पण दुसऱ्याकडे! स्वतःच्या पायाखालच्या जमिनीबद्दल ते काहीच बोलत नाही. तिथे चहाची टपरी आहे, क्वार्टर आहेत, मालधक्का आहे, पिंपळ आहे, दोन-तीन पिढ्यांची माणसं आहेत. आणि त्या जागेचं नाव सांगतं की खरं ठिकाण इथे नाही.

हे काही रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी मुद्दाम अपमान करायला केलेलं नाही. ते प्रवाशाच्या सोयीचं नाव आहे. पण प्रवाशाच्या सोयीचं नाव राहणाऱ्याला मिळालं, हे लक्षात ठेवा. पुढे याचा उपयोग होणार आहे.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय या वस्त्या झाल्या कशा ते कळत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ १८५९मध्ये बार्शी रोडपर्यंत आला, १८६०मध्ये सोलापूरला आणि १८७१मध्ये रायचूरला. इंजिन वाफेचं. वाफेच्या इंजिनाला तहान लागते. ठराविक मैलांवर पाणी, त्याहून लांब अंतरावर कोळसा, मध्ये मध्ये माणसांची अदलाबदल, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला एक गँग. गावं तर आधीच होती, शेकडो वर्षांची. पण ती ओढ्याकाठी, गढीभोवती, पांढरीवर वसलेली. रूळ चढउताराचा हिशोब बघून गेला. गावाच्या उंबऱ्याशी यावं अशी त्याला काही आस नव्हती.

इथे अमेरिकेची तुलना उपयोगी पडते. तिकडच्या मध्यपश्चिमेच्या सपाट मुलखात रूळ आधी गेला आणि गाव मागून आलं. नेब्रास्कात बर्लिंग्टन कंपनीनं तर मार्गावरच्या स्टेशनांना इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं नावं ठेवली होती. क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड अशी. शाळेतली हजेरीच जशी! कंपनीला जमीन विकायची होती, धान्याची वाहतूक मिळवायची होती, म्हणून तिला गावं हवीच होती. त्यातली काही वाढली, नगरं झाली. कितीतरी तशीच राहिली. स्वतःची नगरपालिका नाही, कर बसवायचा अधिकार नाही, कारभार सगळा काउंटीचा. पण नकाशावर नाव असतं आणि लोक ‘मी अमुक गावचा’ असं बिनदिक्कत सांगतात. कायद्यानं गाव नाही, पण बोलण्यात गाव आहे.

आपल्याकडे कंपनीला गाव वसवण्यात रस नव्हता. मला त्याचं एक कारण दिसतं ते हमीचं. गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारनं दिलेली होती, आणि ती शेवटी इथल्या रयतेच्या खिशातून जायची. गाडी भरो की रिकामी जावो, लंडनच्या भागधारकाला व्याज मिळणारच. मग वाटेत गाव वसलं काय आणि नाही वसलं काय! कंपनीला फक्त चाकरीला माणसं हवी होती. म्हणून आपल्याकडे स्टेशनाभोवती जे जमलं ते कुणी वसवलेलं नाही, ते साचलं. सांधेवाला, फाटकवाला, खलाशी, हमाल, गँगचा मुकादम, मग त्यांना उधारीवर पीठ-मीठ देणारा वाणी, चहावाला, टांगेवाला, आणि दुष्काळात रुळाच्या कामावर आलेलं आणि परत न गेलेलं एखादं कुटुंब.

आणि मग कुर्डुवाडी. इथे मला थोडं रेंगाळू द्या. १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरनं बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. अडीच फुटांचा रूळ, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, म्हणजे हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेता येतो. जगभरच्या छोट्या रेल्वेवाल्यांनी ते बघून शिकावं असं काम त्यानं आपल्या माढा-बार्शीच्या माळावर करून दाखवलं. हाच माणूस पुढे विमानातून उडी मारायच्या छत्रीच्या मागे लागला, तो भाग वेगळा. ही गाडी १९०६मध्ये पंढरपूरला गेली, १९११मध्ये लातूरला, १९२७मध्ये मिरजेला. १९५४मध्ये सरकारनं ती विकत घेतली. वारकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांना पंढरीची वाट म्हणजे हीच डुगडुगणारी गाडी.

आता गंमत बघा. मोठ्या लाइनचा रूळ १६७६ मिलिमीटर, छोट्या लाइनचा ७६२. मुंबईकडून आलेली वाघीण बार्शीकडे जाऊच शकत नाही. म्हणून कुर्डुवाडीत प्रत्येक पोतं एका वाघिणीतून काढायचं आणि दुसरीत टाकायचं. प्रत्येक वारकऱ्यानं एका गाडीतून उतरायचं, थांबायचं, दुसरीत बसायचं. होटगीला हेच. तिथून गदगकडे मीटरगेज, हजार मिलिमीटरचा रूळ. म्हणजे विजापूरची ज्वारी होटगीला हमालाच्या पाठीवरून पुढे जायची. या वस्त्यांचं पोट कशावर चालत होतं? शेतीवर नाही, कारखान्यावरही फारसं नाही. दोन रुळांच्या मापातल्या फरकावर! जगात गावं नदीवर जगतात, खाणीवर जगतात, देवावर जगतात. ही गावं एका विसंगतीवर जगली. १९९२पासून देशभर सगळे रूळ एका मापाचे करायचं धोरण आलं, आणि २०००नंतरच्या दशकात आपल्याकडची छोटी लाइन टप्प्याटप्प्यानं मोठी झाली. प्रवाशाचा केवढा त्रास वाचला! मीही त्याच्या बाजूचाच आहे, कुर्डुवाडीला रात्री दोन वाजता वळकटी घेऊन धावण्यात काही रम्य नव्हतं. पण फरक गेला आणि त्या फरकावरचं पोट गेलं. तो हिशोब कुठल्या प्रकल्प अहवालात मी वाचलेला नाही.

कुर्डुवाडी तरली. कुर्डू या गावाची वाडी होती, आज नगरपालिका आहे. तालुक्याचं ठिकाण माढा, पण वर्दळ कुर्डुवाडीत. ‘बार्शी रोड’ हे दुसऱ्याचं नाव टाकून स्वतःचं नाव घेण्याइतकी ती मोठी झाली. बाकीच्यांना ते जमलं नाही, आणि मला बोलायचंय ते बाकीच्यांबद्दल.

आता आत्र्यांकडे येऊ. ‘गावगाडा’ लिहिणारा माणूस सरकारी महसूल खात्यातला. गाव त्यानं घोड्यावरून बघितलं असेल, पण वरवर बघितलं नाही. कुणब्याच्या खळ्यावरच्या राशीतून कोण किती उचलतं, कोणत्या हक्कानं उचलतं, काम न करता कोण उचलतं, हे त्यानं इतकं बारकाईनं मांडलंय की पुढच्या समाजशास्त्रज्ञांनी लाजावं. पाटील, कुलकर्णी, बारा बलुते, कारू-नारू. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. वतन हा या गाड्याचा आस. ज्याला वतन आहे तो गावचा. ज्याला नाही तो उपरा, आणि जो हिंडता आहे तो फिरस्ता. फिरस्त्यांवर आत्र्यांनी सविस्तर लिहिलंय आणि कठोर लिहिलंय. आज वाचताना तो भाग बोचतो. एखादी अख्खी जमात एका विशेषणात उडवून लावायची, ही त्या काळच्या अंमलदाराची सवय त्यांच्यातही होती. कुणब्याबद्दल त्यांना जेवढा कळवळा, तेवढाच फिरस्त्याबद्दल संशय. या दोन्ही भावना एकाच कल्पनेतून येतात, हे माझं म्हणणं आहे. गाव म्हणजे एका जागी रुतलेला गाडा असं एकदा मानलं, की जो चालतो तो आपोआप संशयित होतो.

हे पुस्तक निघालं तेव्हा बार्शीची गाडी सुरू होऊन १८ वर्षं झाली होती. सांधेवाल्याला खळ्यावर हक्क नाही. त्याचं बलुतं मुंबईहून पगारपत्रकावर येतं. फाटकवाल्याला पाटील कामावरून काढू शकत नाही. गँगमनच्या पोराला बापाचं वतन मिळत नाही, बापाची बदली मिळते! आत्र्यांच्या चौकटीत हा माणूस कुणब्याच्या बाजूचा नाही, बलुतेदारांच्या नाही आणि फिरस्त्यांच्याही नाही. एकाच जागी राहणारा, रोज काम करणारा आणि तरी गावचा नसणारा असा माणूस त्या गाड्याला जोडायला जागाच नाही.

इथे कुणी म्हणेल, मग बरंच झालं की! वतन नाही म्हणजे जात नाही. मार्क्सला असंच वाटलं होतं. १८५३मध्ये, म्हणजे मुंबई-ठाणे गाडी धावली त्याच वर्षी, त्यानं न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात लिहिलं की रेल्वेमागून उद्योग येतील आणि जातीचा पाया असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडेल. गांधींनी १९०९मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये बरोबर उलटी बाजू घेतली. त्यांच्या मते रेल्वेनं रोगराई पसरवली, दुष्काळ वाढवले, दुर्जनांची सोय केली. दोघांनीही रेल्वेला फार मोठी शक्ती मानली. दोघांनीही, माझ्या मते, स्टेशनावर उतरून पाहिलं नाही.

उतरून पाहिलं ते बाबासाहेबांनी, वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी, नाइलाजानं. १९०१च्या सुमाराची ती हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. साताऱ्याहून भावंडं वडिलांकडे निघाली. मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कुणी आलं नव्हतं. चांगले कपडे बघून स्टेशनमास्तरनं आपुलकीनं चौकशी केली. पोरांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या होत्या, पण कुणी न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं, आणि गाडी पोरांनी स्वतः हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. वाटेत रात्रभर पाणी मिळालं नाही.

या प्रसंगाकडे आपण नेहमी अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून बघतो, आणि तो आहेच. मी आज त्यातली जागा बघतोय. गाडीच्या डब्यात तिकीट पुरेसं होतं. रुळावर जात विचारली गेली नाही. ती विचारली गेली फलाटावर, आणि किंमत वसूल झाली स्टेशनच्या बाहेरच्या अंगणात. म्हणजे स्टेशन ही गावगाड्याच्या बाहेरची जागा नव्हती, तिथे गावगाडा भाडं घेऊन उभा होता. फलाटावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळं मिळायचं तेही याच जागेवर. हेच बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत खेड्याच्या गुणगानावर तुटून पडले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पुस्तकातलं गाव नव्हतं.

पण म्हणून स्टेशननं काहीच दिलं नाही असंही नाही. होटगीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये कानडी, तेलुगू, मराठी, दखनी अशा चार भाषा एका नळावर ऐकू यायच्या, आणि नळ एकच असायचा. गावातल्या आडावर जे भांडण शंभर वर्षं चाललं, ते कित्येक क्वार्टरांत रेल्वेच्या नळानं निमूटपणे मिटवलं. कुणी सुधारक आला नाही, कुणी भाषण केलं नाही. पाइपलाइन दुसरी नव्हती, एवढंच.

आता प्रश्न असा की या वस्तीला गाव म्हणायचं का. मिलिंद राजा आणि नागसेनाचा संवाद तुम्हाला माहीत आहे. चाक म्हणजे रथ का? नाही. आस? नाही. जू? नाही. मग या सगळ्यांहून वेगळा रथ कुठे आहे? कुठेच नाही. ‘रथ’ हा व्यवहारापुरता शब्द आहे. वर्गात विद्यार्थी हा युक्तिवाद ऐकून खूश होतात, कारण तो सगळं हलकं करून टाकतो. गावाचंही तसंच म्हणता येईल. घरं म्हणजे गाव नाही, शिवार म्हणजे नाही, पार म्हणजे नाही, ‘गाव’ हा व्यवहाराचा शब्द. पण नागसेनानं एक गोष्ट सोडून दिली. व्यवहार कोणाचा? रथाला रथ म्हणा की न म्हणा, रथाचं काही बिघडत नाही. वस्तीला गाव म्हटलं नाही तर माणसांचं बिघडतं.

कसं, ते सांगतो. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढायला गेलात की ठराविक तारखेपूर्वीचं वास्तव्य दाखवावं लागतं. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला तुमचा आजा कुठे होता? कोतवाल बुकात नोंद आहे का? गाव नमुना १४ आहे का? जमीन असेल तर जुना उतारा आणा. पडताळणीत दक्षता पथकाची चौकशी ‘मूळ गावी’ जाते. आता गँगमनचा आजा १९५०मध्ये कुठे होता? मोहोळला रुजू झाला असेल, दुधनीला बदली, मग होटगीत निवृत्त. जमीन कधीच नव्हती. आजी बाळंत झाली क्वार्टरमध्ये. त्याच्या आधीचं गाव दुष्काळात सुटलं, आणि तिथल्या कागदात भूमिहीन माणसाची नोंद असलीच तर नशीब.

गावगाडा मोडला असं आपण म्हणतो. १९५०च्या दशकापासून पाटील-कुलकर्ण्यांची वतनं एकेक करून गेली, बलुती गेली. पण सरकारी अर्जातला ‘मूळ गाव’ हा रकाना उघडा, आत आत्र्यांचं वतनच बसलेलं दिसेल. माणूस कुठल्या तरी एका पांढरीतून उगवतो, हे गृहीत. त्यातही बोचरी गोष्ट ही की ज्यांना वतन नव्हतं, जे फिरस्ते ठरवले गेले, त्यांच्याकडेच ‘तुमचं ठिकाण दाखवा’ ही मागणी सगळ्यात कडक. भटक्या जमातीचा दाखला हवा तर आजा भटकत नव्हता हे आधी सिद्ध करा! तर्काच्या तासाला मी याला व्याघात म्हटलं असतं. कार्यालयात त्याला त्रुटी म्हणतात आणि अर्ज परत करतात.

दुसरी बाजू जमिनीची. स्टेशनभोवतीची बरीचशी वस्ती रेल्वेच्या हद्दीत किंवा हद्दीला चिकटून. केंद्राच्या मालमत्तेला राज्यघटनेच्या २८५व्या कलमानं स्थानिक कराची माफी. त्यामुळे ग्रामपंचायतीला तिथून उत्पन्न नाही, आणि जिथून घरपट्टी नाही तिथे गटार कोण बांधणार? रेल्वे म्हणते आमचे नोकर तेवढे आमचे. नोकरी संपली की क्वार्टर संपला. ज्याच्या तीन पिढ्या रुळाशेजारी गेल्या तो एका नोटिशीनं ‘अतिक्रमण’ होतो. हल्द्वानीचं प्रकरण आठवा. स्टेशनजवळची हजारो घरं, आणि जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाडकामाला स्थगिती दिली. तिथे संख्या मोठी होती म्हणून देशानं बघितलं. तीस-चाळीस घरांच्या वस्तीची बातमी होत नाही.

आणि आता गाडीही थांबत नाही. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत पॅसेंजर बंद झाल्या. परत आल्या त्या बऱ्याच एक्स्प्रेस म्हणून. किमान तिकीट दहाचं तीस झालं, ते २०२४च्या सुरुवातीला पुन्हा दहावर आलं, पण अनेक छोट्या स्टेशनांचे थांबे मात्र परत आले नाहीत. डबल लाइन झाली, विजेच्या तारा आल्या. होटगीत कोळशाच्या आणि सिमेंटच्या गाड्या दिवसरात्र चालू असतात, स्टेशन पूर्वीपेक्षा कामात आहे. फक्त त्या कामाला शेजारच्या माणसांची गरज उरलेली नाही.

ग्रामीण साहित्याबद्दल एक वाक्य बोलून थांबतो, कारण ते राहिलं तर इथे बसलेले मराठीचे प्राध्यापक मला सोडणार नाहीत. आपल्या कथा-कादंबऱ्यांत स्टेशन येतं ते निरोपाला किंवा परत येण्याला. नायक तिथे गाडीची वाट बघतो. त्याला हिरवा बावटा दाखवणारा माणूस ड्यूटी संपल्यावर कुठल्या घरी जातो, त्या घराचा पत्ता काय, हे सांगायला लेखकाला सवड झालेली नाही. त्याचंही कारण मला ‘गावगाडा’च वाटतं. लेखकाच्या मनातही गावाला पार लागतो, फलाट चालत नाही.

मागणी करायची तर ती साधी आहे आणि कोर्टात न जाता करता येण्यासारखी आहे. रेल्वेकडे सेवापुस्तिका आहेत, गँगची हजेरीपत्रकं आहेत, क्वार्टर वाटपाच्या नोंदवह्या आहेत. कोण माणूस कोणत्या साली कोणत्या मैलाच्या दगडाजवळ राहत होता, हे कित्येक कोतवाल बुकांपेक्षा त्यात नेमकं लिहिलेलं असतं. त्या नोंदी जातपडताळणीत वास्तव्याचा पूर्ण पुरावा म्हणून धराव्यात, आणि जुनी दफ्तरं रद्दीत जाण्याआधी त्यांच्या नकला जिल्हा अभिलेखागारात ठेवाव्यात. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांची सेवापुस्तिका, बदलीचा हुकूम किंवा क्वार्टरचा कागद असेल तर तो जपून ठेवा, त्याची नक्कल काढा. आता प्रश्न घेऊ.